सव्वा मुठीचं मांजर

॥ कानबाई माता प्रसन्न ॥

गावातलं घर, तालुका यावल
श्रावण वद्य एकादशी

तीर्थरूप लोटननाना यांच्या दोन्ही गुडघ्यांना, नव्याला आधी आणि जुन्याला मागून, धाकट्या अभिमनचा दंडवत. वच्छलावहिनींनाही नमस्कार सांगावा. इकडे सगळे खुशाल आहेत. तुम्हीही खुशाल आहात हे मला पक्कं ठाऊक आहे, पण काल सकाळी दहापासून दुपारी साडेबारापर्यंत ते आपल्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कसं, हे ओघाने येईलच. तुम्ही घाबरू नका, पाणी प्या, आणि हे पत्र बसून वाचा. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही स्वतः रचता, आणि ही गोष्ट अशी आहे की तिच्यात कुणी एक शब्द जरी आपल्या मनाचा घातला तरी माझी बदनामी होईल. म्हणून लिहितो. तुमचा जितेंद्र उद्या सकाळी परत निघणार आहे, त्याच्याच हाती पाकीट देतो. (पाकीट खळीने चिकटवलं आहे. त्याने वाटेत फोडलं असेल तर कळेल, कारण माझी खळी वाळली की पापुद्रा धरते.)

तर पहिली गोष्ट अभिमानाची, ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला गोड लागेल. नाना, आपल्या घरात मांजर आलं. तुम्ही म्हणाल, त्यात काय, मांजरं सगळ्यांच्या घरात येतात आणि दूध पिऊन जातात. तसं नाही. हे ते करड्या रंगाचं, शेजारच्या ताईबाईच्या भिंतीवर बसणारं. माणूस दिसला की पसार होणारं, अर्धा कान तुटलेलं. दोन वर्षांत त्याला कुणी हात लावलेला नाही. बोका आहे की भाटी हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं, कारण तेवढ्या जवळून ते कुणाला दिसलंच नव्हतं. तेच मांजर या घडीला आपल्या मधल्या घरात, धान्याच्या कोठीवर, पाय पोटाखाली घेऊन बसलं आहे, आणि मी हे लिहितोय ते अधूनमधून बघतंय. मी त्याच्याकडे बघत नाही. का बघत नाही तेही ओघाने येईल.

आता मूळ भानगड. यंदा श्रावणात कानबाईच्या उत्सवाला तुम्ही आला नाहीत. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, असं तुम्ही कळवलंत, आम्ही मान्य केलं. रविवारी कानबाई बसली, सोमवारी नदीवर बोळवण झाली, अगदी रिवाजाप्रमाणे. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजला, दळला, ज्याच्या त्याच्या नावाचा रोट झाला. रोट भाऊबंदाबाहेर जात नाही, गावाची शीव ओलांडत नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपला पाहिजे, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे अतीच झालं, कारण हे मला तुम्हीच सांगितलं आहे, मी सात वर्षांचा असताना, कान धरून. सोमवारी दुपारी पंगत उठली. मी मागच्या ओट्यावर हात धुवत होतो. इतक्यात आपले चाळीसगावचे चुलतभाऊ रुपचंदभाऊ (परसात पान थुंकायला आले होते, थुंकायचं विसरले) ओरडले. बघतो तर ताईबाईच्या भिंतीवर ते करडं मांजर, आणि त्याच्या तोंडात तुपाने माखलेला अख्खा रोट. तो रोट त्याला कसा मिळाला ते मला सांगता येणार नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

रुपचंदभाऊंनी लगेच चारचौघांत विषय काढला. रोट भाऊबंदाबाहेर गेला. ज्या घराला रोट राखता येत नाही त्या घरात कानबाईचा नारळ ठेवावा का, याचा विचार व्हावा. आता त्यांनी चाळीसगावला नवीन घर बांधलंय, देवघराला संगमरवर लावलाय, आणि त्या संगमरवरावर ठेवायला त्यांच्याकडे काही नाही, हे मी जाणून आहे. पण भाऊबंदांत तोंडावर कसं बोलायचं? कानबाई म्हणून पुजलेला, आजोबांच्या आजोबांपासूनचा नारळ या घराच्या डब्यात आहे. तो माझ्या हातून जावा म्हणजे मी तुमच्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? तेव्हा मी विचार न करता बोलून गेलो. म्हटलं, ते मांजर घरचंच आहे, रोट बाहेर गेलाच नाही.

रुपचंदभाऊ हसले. (चाळीसगावला राहून त्यांची बोली पार तिकडची झाली आहे, नक्कल करत नाही, जशी आहे तशी लिहितो.) म्हणाले, "घरनं मांजर शे तर घरमा का बरं नही?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, जरा लाजाळू आहे. ते म्हणाले, "पोळाले येसू. मी सोता देखसू. घरमा दिसनं ते नारळ तुना. नही दिसनं ते मना." आणि पंगतीत बसलेल्या सगळ्यांनी मान हलवली, म्हणजे झाला ठराव. तर अशा रीतीने कानबाईचा नारळ एका मांजराच्या पायावर येऊन ठेपला, आणि माझ्या हातात अमावास्येपर्यंतचे दिवस उरले, जेमतेम तेवीस.

पहिल्या दिवशी मी जे केलं ते कोणीही करतं. दूध ठेवलं. दूध कुत्र्याने प्यायलं. दुसऱ्या दिवशी दूध उंचावर ठेवलं, ते कावळ्यांनी सांडलं. तिसऱ्या दिवशी मी मांजरामागे गेलो. नाना, या वयात मी ताईबाईच्या भिंतीवर चढलो, ते पण धोतरात, आणि मांजर माझ्याकडे बघून इतक्या शांतपणे पलीकडे उतरलं की मला माझीच लाज वाटली. तेव्हा ओट्यावर बसून विचार केला. म्हटलं, अभिमन, चाळीस वर्षं केळीत घालवलीस, तुला येतं काय? घड कधी कापायचा ते येतं. हिरव्या घडाला बोट लावून दाबणारा मनुष्य डागच पाडतो. घडाकडे लांबून बघायचं, त्याची कड गोल झाली की आपोआप कळतं. मांजरसुद्धा घडच आहे. त्याला पिकू द्यायचं.

मग मी पद्धत बसवली. ताईबाईच्या भिंतीच्या पायथ्यापासून आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत परसात चौतीस विती भरल्या. (माझ्या विती. तुमच्या हाताने तीस भरल्या असत्या.) प्रत्येक वितीवर गेरूची रेघ ओढली. जर्मनची ताटली, तीत साय, पहिल्या रेघेवर. रोज दोन रेघा पुढे. सौ. सुनंदा म्हणाली, परसात लग्नाचा मांडव घालायचा आहे का, एवढ्या रेघा कशाला? करून दाखवायचं असेल त्याने बोलू नये.

ताटली ठेवून मी चार हात लांब, ताटलीकडे पाठ करून बसायचो. पाठ करून बसायचं ही सूनबाई पुनमची सूचना. तिने मोबाइलवर कोणाचा तरी व्हिडिओ बघितला, त्यात म्हटलं होतं, मांजराकडे टक लावून बघितलं की त्याला वाटतं आपल्यावर झडप येणार. नुसतं पाठ करून बसून कंटाळा यायचा, म्हणून पेपर न्यायचो आणि मोठ्याने वाचायचो. आपल्याला केळीच्या भावाचं पान वाचायची सवय. रावेरचा भाव, यावलचा भाव, बऱ्हाणपूरचा भाव. चौथ्या दिवशी मागे जीभ चाटल्याचा आवाज आला. तो आवाज, नाना, मी सांगू शकत नाही. आपल्या योगराजला शाळेत पहिला नंबर मिळाला तेव्हा मला इतकं भरून आलं नव्हतं (हे पुनमला सांगू नये, तिच्या नवऱ्याचा प्रश्न आहे). मी वाचत राहिलो. पुढे असं झालं की भावाचं पान संपून मी राशिभविष्यावर गेलो की मांजर उठून जायचं. म्हणून मी भाव दोनदा वाचायला लागलो.

आता चूक सांगतो. चूक लपवून कर्तबगारी सांगणं मला जमत नाही. नवव्या दिवशी रुपचंदभाऊंचा फोन आला, नारळासाठी चांदीची वाटी बनवायला टाकली आहे, म्हणाले. माझं डोकं फिरलं. त्या दिवशी मी रोजच्या दोन रेघांचा नियम सोडून एकदम ताटली उंबऱ्याच्या आत ठेवली, सायीवर साय घातली, आणि मांजर बिचारं अर्धं आत आलं. पुढचे पाय स्वयंपाकघरात, मागचे पाय परसात. मी दाराआड होतो. मी दार लोटलं. मांजर पूर्ण आत आलं, हे खरं आहे, पण ते मोजायचं नाही, कारण पुढच्या अर्ध्या मिनिटात ते पिठाच्या डब्यावर, डब्यावरून फळीवर, फळीवरून दिव्याच्या वायरवर आणि तिथून खिडकीच्या जाळीतून बाहेर गेलं. जाळीला एवढं भोक होतं हे आम्हाला घर बांधल्यापासून माहीत नव्हतं. पीठ सगळ्यांवर पडलं. सुनंदेने झाडू माझ्या हातात दिला. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तीन दिवस मांजर दिसलं नाही. चौथ्या दिवशी भिंतीच्या पलीकडे त्याची शेपटी दिसली, तेव्हा मी भिंतीजवळ जाऊन हळू आवाजात त्याची माफी मागितली. म्हटलं, चूक माझीच होती, मी घाई केली, मी तुला कोंडायला नको होतं, पुन्हा असं होणार नाही. नाना, भिंतीच्या पलीकडे ताईबाई भांडी घासत होती. आमचं तिच्याशी पन्हाळीच्या पाण्यावरून बारा वर्षं बोलणं नव्हतं, तुम्हाला माहीत आहे. तिने भांडी घासणं थांबवलं आणि भिंतीपलीकडून रडक्या आवाजात म्हणाली, "जाऊ द्या हो भाऊ, मीबी काई कमी नव्हती." संध्याकाळी तिने वांग्याचं भरीत पाठवलं. आता बारा वर्षांनी आलेलं भरीत हातात घेऊन तिला मी कसं सांगू की मी मांजराशी बोलत होतो? सांगितलं नाही. भरीत छान होतं. एका माफीत दोन कामं झाली, याचा मला अभिमान आहे.

या वेळी ओट्यापासूनच सुरुवात केली. आता पुनमने दुसरा नियम शोधून काढला. म्हणाली, मामा, मांजराला आत यायचं असेल तर बाहेर जायची वाट आधी दिसली पाहिजे. मला ते पटलं. म्हणून मागचं दार उघडं, पुढचं दार उघडं, आरपार उजेड. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकरची शिटी बंद. सकाळी दहा ते बारा घरातल्या सगळ्यांनी मधल्या घरात खाली बसायचं, बोलायचं नाही, मान खाली, आणि मांजर दिसलं तरी बघायचं नाही. मांजराला मऊ आवडतं म्हणून सुनंदेने जुनी पांढरी चादर अंथरली. दोन दिवस असे गेले. मांजर ओट्यावर यायचं, आत बघायचं, आमची माणसं मोजायचं, जायचं.

आता कालचा दिवस. आदल्या संध्याकाळी दाढी करायला गेलो होतो. न्हाव्याच्या हातून मिशीची डावी बाजू जरा जास्त उडाली. समान करता करता दोन्ही बाजू गेल्या. आरशात बघितलं तर मीच मला ओळखलं नाही, पण मांजर ओळखेल की नाही एवढीच काळजी वाटली. तर काल सकाळी दहा वाजता तुम्ही जर आपल्या दारावरून गेला असता, तर तुम्हाला काय दिसलं असतं ते सांगतो. पुढचं दार सताड उघडं. आत पांढरी चादर. चादरीवर सुनंदा, डोक्यावरून पदर, मान खाली. तिच्याशेजारी सूनबाई, मान खाली. आणि समोर मी, मिशी नसलेला, मान खाली. कोणी कोणाशी बोलत नाही.

पहिली आली ताईबाई. भरिताचा डबा न्यायला आली होती. दारात थांबली, बघितलं, चपला काढल्या आणि आवाज न करता सुनंदेशेजारी येऊन बसली. अशा वेळी कोण गेलं हे कोणी विचारत नाही. विचारणं बरं दिसत नाही, कळेलच. तिला बसलेलं बघून समोरची दोघं आली. त्यांना बघून पारावरची पाच. एका दारावर माणसं बसली की गाव घरी राहत नाही, आपलं गाव तर नाहीच, आणि त्याचाही मला अभिमान आहे. अकरापर्यंत सत्तावीस माणसं बसली. तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, एक शब्द बोलून टाकायचास. बोलणार होतो, नाना. तोंड उघडलं होतं. त्याच वेळी डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक करडा पाय आला आहे.

तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? सत्तावीस माणसांचा गैरसमज एका बाजूला, आणि त्या पायावर आजोबांच्या आजोबांचा नारळ. मी तोंड मिटलं. मिटता मिटता एक उसासा निघाला, आणि तो सगळ्यांनी ऐकला. मग कुजबुज सुरू झाली. तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे गावाला माहीत. तुम्ही यंदा कानबाईला आला नाहीत हेही माहीत. दोन आणि दोन लोकांनीच मिळवले. ताईबाई पदरात तोंड घालून म्हणाली, "नाना तं देवमानूस होता व माय."

मग तुमच्याबद्दल जे ऐकलं ते लिहितो, कारण जिवंत माणसाला हे ऐकायला मिळत नाही आणि तुम्हाला मिळावं असं मला वाटतं. शाळेचं छत गळत होतं तेव्हा तुम्ही स्वतः वर चढून कौलं शाकारली, हे तिघांना आठवत होतं. तुम्ही पोहायला शिकवलेली चार माणसं तिथे बसली होती, चौघांनाही तुम्ही विहिरीत ढकलूनच शिकवलं होतं, आणि ते आता त्याबद्दल कौतुकाने बोलत होते. तुमच्या पायजम्याची नाडी नेहमी बाहेर लोंबायची, हेही एकाने रडत रडत सांगितलं. अभिमान वाटला, पण मान वर करता येत नव्हती. एक जण म्हणाला, नानांच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह अकरा वर्षांपासून माझ्याकडे आहे, आता कोणत्या तोंडाने परत देऊ? (तो संध्याकाळीच आणून दिला. कोठीमागे ठेवला आहे.)

पाय मात्र उंबऱ्यावरच. मग दोन पाय. मग मांजर उंबऱ्यावर बसलं, आणि बसलंच. मला कळलं, त्याला हेच हवं होतं. खोलीभर माणसं आणि त्यातलं एकही त्याच्याकडे बघत नाही. अठरा दिवस तीन माणसांनी मिळून जी शांतता जमवली नव्हती, ती गावाने आपणहून आणून दिली.

साडेबाराला गल्लीच्या तोंडाशी मोठ्याने रडण्याचा आवाज आला. रुपचंदभाऊ. ते काल बाजाराच्या कामासाठी जळगावातच होते, कोणीतरी बाहेर जाऊन त्यांना फोन केला होता. त्यांनी तुम्हाला फोन लावला, तुम्ही नेहमीप्रमाणे उचलला नाहीत, आणि त्यांनी त्यावरून जे समजायचं ते समजलं. दारापर्यंत रडत आले, दारात सगळे गप्प बघून गप्प झाले, सरळ चादरीच्या मधोमध येऊन बसले, मांडी घातली, डोळे मिटले, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी त्यांच्याबद्दल इतके दिवस जे मनात आणलं होतं ते तिथल्या तिथे मागे घेतलं. नारळाचं काहीही म्हणोत, मनुष्य तुमच्यासाठी खरं रडत होता.

आणि मांजर उठलं. उंबऱ्यावरून खाली उतरलं. ताईबाईच्या पायांवरून, सुनंदेच्या पदराला घासून, माझ्या गुडघ्याजवळ थांबून (त्याची मिशी माझ्या हाताला लागली), सगळ्यांना ओलांडून रुपचंदभाऊंपाशी गेलं. एव्हाना सगळे बघत होते. डोळे मिटलेले ते एकटेच होते. मांजर त्यांच्या मांडीत चढलं, दोनदा गोल फिरलं आणि बसलं. त्यांनी डोळे न उघडता त्याच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली आणि म्हणाले, "आपला नाना गया रे."

तेव्हा मी बोललो. अडीच तासांतला माझा पहिला शब्द. म्हटलं, "रुपचंदभाऊ, नाना धुळ्याला ठणठणीत आहेत. तुमच्या मांडीवर जे बसलंय ते तेच मांजर आहे. घरात आहे, तुम्ही स्वतः बघताय, आणि सत्तावीस माणसं साक्षीला आहेत."

मांजर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने घुरघुरत होतं. मग ताईबाई म्हणाली, "मंग आपुन कोनासाठी बसलो व माय?"

पुढचा अर्धा तास वर्णन करत नाही. काही लोक हसले, काही रागावले, पारावरची पाच जणं म्हणाली की निदान चहा तरी झाला पाहिजे, आणि तो झाला. रुपचंदभाऊंनी तुम्हाला पुन्हा फोन लावला, तो यावेळी वहिनींनी उचलला, आणि तुम्ही झोपलेले आहात आणि घोरत आहात असं कळल्यावर ते पुन्हा रडले. मग डोळे पुसून त्यांनी मांडीवरचं मांजर उचललं, उजेडात धरलं, नीट बघितलं आणि म्हणाले, "हाऊ ते बोका शे. मंग यानी सव्वा मूठ कोठे शे?" मनुष्य रडला तरी आपला मुद्दा सोडत नाही. घरचा पुरुष असेल तर त्याच्या नावाची सव्वा मूठ मोजायला हवी होती, ती मोजली नाही, म्हणजे यंदाचा हिशेब चुकला, असं त्यांचं म्हणणं. पोळ्याला येऊन यावर शेवटचं बोलू म्हणाले, आणि गेले. जाताना मांजराकडे दोनदा वळून बघितलं. मांजराने त्यांच्याकडे बघितलं नाही.

असो. मांजर रात्रीही घरातच होतं, सकाळीही आहे. दोन्ही दारं उघडी आहेत, पण जात नाही. मी काल जितेंद्रला सांगितलं, तुझ्या बापाला सांग की काकाने एका मांजराला घरी आणलं, हात न लावता. (जितेंद्र काल सांजेला गाडी घेऊन धावत आला. त्याला दुपारपासून सांत्वनाचे एवढे फोन आले की स्वतःचा बाप समोर जेवत असताना त्याला दोनदा बघून खात्री करावी लागली.) वहिनींना सुनंदेचा नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा. पत्राचं उत्तर द्यावं.

आपला धाकटा,
अभिमन

ता. क. गावातल्या चार घरांतून काल पिठलं-भाकरी आली होती, दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. आम्ही ती खाल्ली. भांडी परत करताना काय बोलावं हे सुनंदेला समजत नाही. तुम्ही पोळ्याला येऊन गावातून एकदा हिंडून दाखवलंत तर भांडी परत करणं सोपं जाईल.

ता. क. २. रुपचंदभाऊंचा सव्वा मुठीचा प्रश्न फक्त तुमच्या शब्दाने मिटेल. तुम्ही थोरले. तुम्ही म्हणालात मूठ मोजली होती, तर मोजली होती. नारळ हलणार नाही.

ता. क. ३. आणि मूठ खरंच मोजली होती. आता ते वाक्य, जे लक्षात ठेवा म्हणालो होतो. तुम्ही येणार नाही हे माहीत असूनही गहू मोजताना मी तुमच्या नावाची सव्वा मूठ मोजली. हात थांबला नाही. रोट झाला. सोमवारी पंगतीला मागच्या ओट्यावर तुमच्या जागेवर पाट मांडला, ताट वाढलं, वर तूप सोडलं. सगळे जेवले. पाट रिकामाच. मी हात धुवायला उठलो तेव्हा ते मांजर भिंतीवरून उतरून तुमच्या पाटाजवळ आलं होतं. ताटाकडे बघत होतं, मग माझ्याकडे. तुमचा रोट माझ्या घशाखाली गेला नसता, शिवेबाहेर धाडता येत नव्हता, आणि टाकायचा तर नाहीच. मी म्हटलं, खा. आणि पाठ फिरवली. मांजराने काही चोरलं नाही, नाना. मीच दिलं. रुपचंदभाऊंना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण रोट भाऊबंदाबाहेर गेला असं मला त्या दिवशी वाटलं नाही, आजही वाटत नाही.

ता. क. ४. डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलेलंच नाही, हे वहिनींनी सुनंदेला फोनवर सांगितलं आहे. वहिनींवर रागावू नका. वॉकर घेऊन चालताना गावाने बघू नये म्हणून तुम्ही आला नाहीत, हे आम्हाला कळलं. जितेंद्र गाडी घेऊन अमावास्येला रिकामाच आहे, मी विचारून ठेवलं. पुढचं दार उघडं असेल, मागचं दारही उघडं असेल, वाटलं तर लगेच परत जाता येईल. दहा वाजता मी ओट्यावर पाठ करून केळीचे भाव वाचत बसलेला असेन. घरातलं कोणीही तुमच्याकडे बघणार नाही. आमचा आता चांगला सराव झाला आहे.